लेंबेच्या काळ्या वाळूत

लेंबेला स्कूबा डाइव्हसाठी पहिल्यांदा खाली उतरले तेव्हा वाटलं, पैसे पाण्यात गेले. प्रवाळ नाहीत, माशांचे थवे नाहीत. नुसती ज्वालामुखीची काळी वाळू, एक फुटकी बाटली आणि कुणाची तरी चप्पल. इंडोनेशियात, सुलावेसीच्या उत्तर टोकाला, बितुंग बंदरासमोरची ही सामुद्रधुनी. गाइडनं केसाळ शेवाळाच्या एका झुबक्याकडे बोट केलं. मी बघतेय, बघतेय, आणि झुबक्यानं जांभई दिली. फ्रॉगफिश, शेवाळाचं सोंग घेतलेला मासा!

याला मक डाइव्हिंग म्हणतात. मक म्हणजे गाळ. नवखे लोक मला आधी कॅमेरा कोणता घ्यावा ते विचारतात. कुठलाच नको. आधी बॉयन्सी, म्हणजे पाण्यात ना बुडता ना वर जाता तरंगणं. तारकर्लीला पर्यटक म्हणून केलेली डाइव्ह यात धरता येत नाही, कारण तिथे प्रशिक्षकानंच तुम्हाला धरलेलं असतं. ओपन वॉटर हा डाइव्हिंगचा पहिला कोर्स करा (मी अंदमानात केला, त्यात 18 मीटरपर्यंत जाता येतं) आणि मग तळापासून हातभर वर नुसतं तरंगत राहायला शिका. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली. पाय बेडकासारखे मागे मारायचे, वरखाली नाही. माझी एक लाथ चुकली आणि गाळाच्या ढगात मागच्या चौघांचा सी-हॉर्स गेला. बोटीवर कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

प्राण्यापेक्षा त्याचं घर शोधणं सोपं. रिकाम्या करवंटीत ऑक्टोपस, समुद्रपंख्यावर, म्हणजे पंख्यासारख्या पसरलेल्या प्रवाळावर, पिग्मी सी-हॉर्स. हा जेमतेम दोन सेंटिमीटरचा. 1969 मध्ये पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर संशोधक जॉर्ज बार्जिबाँ मत्स्यालयासाठी आणलेला समुद्रपंखा तपासत होते, तेव्हा कुठे तो त्यावर चिकटलेला सापडला. तेव्हा तुम्हाला दिसला नाही तर डोळ्यांना दोष देऊ नका.

हात लावायचा नाही, वाळूत गुडघे टेकायचे नाहीत. खाली विषारी काट्यांचा स्टोनफिश दडलेला असू शकतो. निळ्या कड्यांचा चिमुकला ऑक्टोपस तर दिसायला खेळणं, पण त्याच्या विषावर उतारा नाही. आणि डाइव्हिंगचा सूट जाड घ्या. तासभर जागचं हलायचं नसतं, त्यामुळे 27 अंशांच्या पाण्यातही हुडहुडी भरते.

शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसता येत नाही. मी तो दिवस जवळच्या मनाडो शहराच्या बाजारात काढला. सवयीनं कोळणीच्या टोपलीतही वाकून वाकून बघत होते.