अंडर-२० रग्बी विश्वस्पर्धेची संघयादी कशी वाचायची

जून उजाडला की एकेक युनियन (देशाची रग्बी संघटना) आपली ३० नावांची यादी जाहीर करते आणि बहुतेक प्रेक्षक तिच्यात ओळखीचं नाव शोधायला लागतात. नावाजलेला विंगर (कडेने धावणारा खेळाडू) आहे का, कुणा जुन्या खेळाडूचा मुलगा आहे का, एवढं पाहून यादी बाजूला पडते. वर्ल्ड रग्बी अंडर-२० चॅम्पियनशिपच्या बाबतीत हे वाचन उलट्या टोकाने सुरू होतं. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आणि २०२५ मध्ये इटलीत सामन्यांच्या तारखा अगदी एकच होत्या: २९ जून, ४ जुलै, ९ जुलै, १४ जुलै, १९ जुलै. तीन आठवड्यांत पाच सामने आणि दोन सामन्यांच्या मध्ये चार मोकळे दिवस. म्हणून यादी हातात आली की पहिला प्रश्न असा विचारायचा: पाचव्या सामन्यापर्यंत या संघाकडे स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांत गुंतून रेटतात तिथे) उभी राहणारी माणसं उरतील का?

वही, पेन्सिल आणि अर्धा तास पुरतो.

जन्मसाल आणि नसलेली नावं

वयाचा हिशेब सोपा आहे. स्पर्धेच्या वर्षातून २० वजा करा. त्या साली १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेला खेळाडू चालतो. २०२५ साठी २००५ किंवा पुढचं जन्मसाल, २०२४ साठी २००४. त्यामुळे काही जणांनी स्पर्धेआधीच वयाची २० वर्षं पूर्ण केलेली असतात. यादीत असं वय दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका.

प्रत्येक नावापुढे जन्मसाल लिहून दोन रकाने करा, शेवटच्या पात्र वर्षाचे आणि त्याहून लहान. लहान मुलं बॅक्समध्ये (स्क्रमबाहेरच्या सात जागांवर) असतील तर काळजीचं कारण नाही; १८ वर्षांचा विंगर या पातळीवर सहज खपतो. स्क्रमच्या पुढच्या फळीत तितका लहान प्रॉप (त्या फळीच्या टोकाला उभा राहणारा) दिसला तर मात्र त्यावर खूण करा. १९ वर्षांखालील रग्बीत सुरक्षेसाठी स्क्रम दीड मीटरपलीकडे ढकलता येत नाही. अंडर-२० मध्ये ती मर्यादा नाही. शाळेच्या रग्बीतून थेट आलेल्या मुलाच्या मानेवर आणि पाठीवर असा पूर्ण रेटा पहिल्यांदाच येतो, आणि तो नेमका उत्तरार्धात, पाय थकलेले असताना जाणवतो.

आता कोण नाही ते पाहा. पात्र असूनही नसलेला खेळाडू दर वेळी जखमीच असतो असं नाही. हेन्री पोलॉक २०२४ ला जिंकलेल्या इंग्लंडच्या अंडर-२० संघात होता. त्याचा जन्म जानेवारी २००५ चा, म्हणजे २०२५ लाही तो वयात बसत होता. पण त्या उन्हाळ्यात तो ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या मोठ्यांच्या एकत्रित संघाबरोबर ऑस्ट्रेलियात होता. फ्रान्सच्या यादीत हा प्रश्न दरवर्षी येतो. २०२५ मध्ये तिथल्या टॉप १४ लीगचा अंतिम सामना २८ जूनला झाला आणि अंडर-२० चा पहिला सामना दुसऱ्याच दिवशी होता. मोठ्या क्लबने धरून ठेवलेला मुलगा कधी सुटेल, यावर फ्रेंच यादी हलते.

एखाद्या मुलाचं नाव आणि देश जुळत नाही असं वाटलं तर नियम लक्षात घ्या: स्वतःचा जन्म त्या देशातला, किंवा आई-वडील वा आजी-आजोबांपैकी एकाचा, किंवा सलग ६० महिन्यांचं वास्तव्य. यातलं एक पुरतं.

पुढची फळी मोजा, तीही बाजू पाहून

इथे वेळ द्या. यादीतली सगळ्यात महागडी नऊ नावं इथे असतात.

सामन्याच्या २३ जणांत (१५ सुरुवातीचे, ८ बदली) पुढच्या फळीचे सहा खेळाडू लागतात: १ नंबरचा लूजहेड प्रॉप, २ नंबरचा, मधला हुकर, ३ नंबरचा टाइटहेड प्रॉप आणि तिघांचा एकेक बदली, १६, १७ आणि १८ नंबरचा. बदली त्या त्या जागेसाठी तयार झालेलाच हवा. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक जखमी झाला तर दुसरा कुणी ग्लोव्हज चढवतो आणि सामना पुढे जातो. इथे फ्लँकरला (स्क्रमच्या कडेला उभ्या राहणाऱ्याला) हुकर म्हणून उभं करता येत नाही, कारण मानेला गंभीर दुखापत होऊ शकते. म्हणून रेफरी त्याला परवानगीच देत नाही. स्क्रम मग बिनढकलीचे होतात आणि ज्या संघामुळे ही वेळ आली त्याला वर एक खेळाडू गमवावा लागतो.

याचं टोकाचं उदाहरण सीनियर रग्बीत घडलं. २०२२ च्या सिक्स नेशन्समध्ये (युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेत) आयर्लंडविरुद्ध इटलीचा हुकर सुरुवातीलाच जखमी झाला आणि त्याच्या जागी आलेल्याला पहिल्या वीस मिनिटांतच रेड कार्ड मिळालं. तिसरा हुकर नव्हता. एक खेळाडू कार्डामुळे गेला, दुसरा नियमामुळे, आणि इटली १३ जणांवर आली. निकाल ५७-६.

म्हणून ३० च्या यादीत तीन लूजहेड, तीन हुकर आणि तीन टाइटहेड असे नऊ शोधा. पुष्कळ याद्यांत नुसतं ‘प्रॉप’ लिहिलेलं असतं, तेव्हा आधीच्या सामन्यांतले जर्सी नंबर बघून बाजू ठरवा: १ आणि १७ लूजहेड, ३ आणि १८ टाइटहेड. सहा प्रॉप दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. त्यात चार लूजहेड आणि दोनच टाइटहेड निघाले, तर एका टाइटहेडचा स्नायू ताणला की सगळा भार दुसऱ्यावर येतो. टाइटहेडच्या दोन्ही खांद्यांवर समोरच्यांचा दाब असतो, लूजहेडच्या एकाच. म्हणून या वयात चांगला टाइटहेड मिळणं सगळ्यात अवघड. दोन्ही बाजूंनी खेळणारा प्रॉप, जसा २०२४ च्या इंग्लंडकडे आशर ओपोकू-फोर्डजोर होता, यादीत एक जागा वाचवून देतो. असं नाव दिसलं की त्याभोवती गोल करा.

दोनच हुकर घेऊन जाणारा संघ जुगार खेळतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. लाइनआउटमध्ये, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर गेल्यावर तो दोन रांगांच्या मध्ये आत टाकतात तेव्हा, चेंडू फेकण्याचं कामही हुकरचंच असतं. तो गेला की स्क्रम आणि लाइनआउट दोन्ही एकदम डळमळतात.

पुण्या-मुंबईत ज्यांनी रग्बी प्रामुख्याने सेव्हन्सच्या (सात-सात जणांच्या खेळाच्या) रूपात पाहिलं आहे, त्यांना हा सगळा हिशेब नवा वाटेल. सेव्हन्सचा संघ १२ जणांचा, स्क्रम तिघांचा. तिथे चपळ फ्लँकर प्रॉप म्हणून उभा राहिला तरी चालून जातं. पंधरांच्या खेळात नाही.

बाकीची यादी

उरलेल्या २१ जागा साधारण अशा वाटल्या जातात: ४ लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतले), ४ फ्लँकर व नंबर एट (मागच्या रांगेतले), ३ स्क्रम-हाफ (स्क्रममधून चेंडू काढणारे), २ फ्लाय-हाफ (१० नंबरचे, खेळ चालवणारे), ४ सेंटर, ४ विंग व फुलबॅक. म्हणजे १७ फॉरवर्ड (स्क्रममधले) आणि १३ बॅक. काही संघ एक सेंटर कमी करून पाचवा फ्लँकर घेतात.

लॉक आणि फ्लँकर पाहताना उंचीपेक्षा एक गोष्ट तपासा: लाइनआउटमध्ये उडी मारणारे किती? दोन लॉक आणि निदान एक फ्लँकर किंवा नंबर एट, असे तीन पर्याय मैदानावर हवेत. दोनच असले तर प्रतिस्पर्धी त्यांच्यावरच डोळा ठेवतात. दक्षिण आफ्रिकेची यादी वाचताना ६ आणि ७ ची अदलाबदल लक्षात ठेवा. इतरत्र ओपनसाइड (मैदानाच्या मोकळ्या बाजूचा) फ्लँकर ७ घालतो, त्यांच्याकडे ६. हे विसरलं की अख्खी तुलना चुकते. न्यूझीलंडच्या यादीत ‘फर्स्ट फाइव्ह-एट’ म्हणजे फ्लाय-हाफ आणि ‘हाफबॅक’ म्हणजे स्क्रम-हाफ.

दहा नंबरच्या दोन नावांपैकी गोलवर किक कोण मारतो हे पाहा. दोघंही मारत असतील तर उत्तम. एकच असेल तर बेंचवर बसलेल्या फुलबॅककडे ते कौशल्य आहे का ते शोधा, कारण शेवटच्या दहा मिनिटांत मुख्य किकर बाहेर असण्याची शक्यता बरीच असते. एका किकवर स्पर्धा ठरते: २०१४ ची फायनल इंग्लंडने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २१-२० अशी जिंकली, २०१९ ची फ्रान्सने ऑस्ट्रेलियाविरुद्ध २४-२३ अशी.

विंग-फुलबॅकमध्ये दोन जागा खेळू शकणारे निम्मे तरी असावेत. तेवढं पुरे.

क्लबचा रकाना

आयर्लंड क्लब आणि प्रांत दोन्ही लिहितो, अर्जेंटिना शहरातला हौशी क्लब लिहितो, जपान विद्यापीठ, न्यूझीलंड प्रांतिक युनियन. हे रकाने एकमेकांशी सरळ ताडून पाहू नका. पाहायचं ते इतकंच, की मुलगा मोठ्यांच्या संघातून किती मिनिटं खेळला आहे. प्रसिद्ध अकादमीचं नाव असूनही वर्षभर बाकावर बसलेला मुलगा दुसऱ्या सामन्यातच दमतो. युरोपातल्या सहा संघांसाठी फेब्रुवारी-मार्चमधल्या सिक्स नेशन्स अंडर-२० चे पाच सामने हा सर्वांत चांगला पुरावा. दक्षिण गोलार्धातल्या चार बड्या संघांसाठी २०२४ पासून सुरू झालेली अंडर-२० रग्बी चॅम्पियनशिप आहे. त्या याद्या शेजारी ठेवून कोण टिकला, कोण वगळला गेला ते लिहा.

मिनिटांची वही

आता मुख्य काम. एका सामन्यात १५ जण गुणिले ८० मिनिटं म्हणजे १२०० मिनिटं. पाच सामन्यांची ६०००. तीस जणांत वाटली तर प्रत्येकी २००, म्हणजे अडीच सामने. पुढच्या फळीची १२०० मिनिटं नऊ जणांत वाटली तर प्रत्येकी सुमारे १३३. सुरुवात करणारा प्रॉप साधारण ५० मिनिटं खेळून बाहेर येतो, पण पाचही सामने त्यानेच सुरू केले तर त्याच्या खात्यात २५० मिनिटं जमतात. तिसरा टाइटहेड मग पर्यटकासारखा फिरून घरी येतो आणि सेमीफायनलमध्ये गरज पडली तर थंड अंगाने उतरतो.

प्रत्येक सामन्यानंतर पंधरा सुरुवातीचे आणि आठ बदली, प्रत्येकाची मिनिटं लिहा. बेंचचा आकारही नोंदवा. पाच फॉरवर्ड-तीन बॅक ही नेहमीची रचना. सहा-दोन दिसली तर समजा की प्रशिक्षकाला फॉरवर्ड्सची दमछाक होण्याची भीती आहे, किंवा मैदान ओलं आहे. जुलै हा केप टाउनचा पावसाळा. चेंडू निसटतो, नॉक-ऑन (चेंडू हातून पुढे पडणं) वाढतात आणि त्याबरोबर स्क्रमही. इटलीत त्याच तारखांना उकाडा असतो, तिथे फॉरवर्ड लवकर बदलावे लागतात.

मग डोक्याच्या दुखापती. शंका आली तर खेळाडूला १२ मिनिटांसाठी बाहेर नेऊन तपासतात, त्याच दिवशी आणि पुन्हा ३६ ते ४८ तासांत तपासणी होते. कन्कशन (मेंदूला बसलेला धक्का) ठरलं तर बहुतेकांना किमान १२ दिवस बाहेर बसावं लागतं. तारखांवर बसवून पाहा: २९ जूनला डोक्याला लागलेला मुलगा ११ जुलैपर्यंत बाहेर, म्हणजे ४ आणि ९ तारखेचे दोन्ही सामने गेले आणि लवकरात लवकर १४ ला परत. ९ जुलैला लागलं तर सेमीफायनलबरोबर फायनलही गेल्यात जमा.

तिसऱ्या सामन्यात काय पाहायचं

२०२५ पर्यंतच्या बारा संघांच्या रचनेत चारचे तीन गट असत. गटविजेते तीन आणि सर्वोत्तम दुसरा असे चार सेमीफायनलला जात. विजयाला ४ गुण, बरोबरीला २, चार किंवा अधिक ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं) केल्यास १ जादा, सात किंवा कमी गुणांनी हरल्यास १. दोन सामने जिंकून बोनससह पाच-पाच गुण मिळवलेल्या संघाचा प्रशिक्षक तिसऱ्यात सात-आठ बदल करतो. यादीच्या तळाशी असलेली नावं कसाला लागतात ती याच सामन्यात. बदल कुठे केले ते पाहा: विंग बदलणं सोपं असतं, पण टाइटहेड आणि स्क्रम-हाफ एकाच वेळी बदलण्याची हिंमत असेल तर यादी खोल आहे. ज्यांना बोनस गुणासाठी शेवटपर्यंत धडपडावं लागतं, त्यांचे मुख्य प्रॉप ७० मिनिटं मैदानावर राहतात आणि १४ जुलैला त्याची किंमत मोजतात.

खालच्या गटातले सामनेही सोडू नका. २०१९ मध्ये शेवटी आलेला स्कॉटलंड खालच्या ट्रॉफी स्पर्धेत गेला, २०२४ ला ती जिंकली, मग २०२५ ला परतला. म्हणून ९ ते १२ क्रमांकांच्या लढतीत चांगले खेळाडू राखून ठेवले जात नाहीत. २०२६ साठी स्पर्धा १६ संघांची करण्याचं ठरलं. तिथे गटांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. पुढच्या फळीचा मात्र हाच राहतो. लहान जन्मसालाच्या रकान्यातली नावं वहीत वेगळ्या पानावर उतरवून ठेवा. पुढच्या जूनची निम्मी यादी तिथूनच सुरू होते.