सॉफ्टवेअर लायसन्सचं कोटेशन हातात आल्यावर काय तपासावं

कोटेशन आलं की नजर सरळ शेवटच्या आकड्याकडे जाते. तो आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा. कंपनीसाठी ईआरपी (हिशेब, साठा, विक्री असं सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), डेटाबेस किंवा सर्व्हरचं सॉफ्टवेअर घेताना खर्च ठरतो तो व्हेंडर काय मोजतो यावर. कुणी माणसं मोजतं, कुणी यंत्रं, कुणी प्रोसेसरमधले कोअर (त्यातले प्रत्यक्ष काम करणारे भाग), तर कुणी थेट हजेरीपट.

१. कायमचं की वर्षाच्या बोलीवर?

कायमच्या लायसन्समध्ये घेतलेली आवृत्ती हवी तितकी वर्षं वापरता येते. आपल्याकडे ओळखीचं उदाहरण टॅलीचं. लायसन्स संपत नाही, पण टीएसएसचं (टॅलीच्या अपडेट आणि मदतीच्या सेवेचं) वार्षिक नूतनीकरण थांबवलं की नव्या आवृत्त्या मिळणं थांबतं. सबस्क्रिप्शनमध्ये पैसे थांबले की वापरच थांबतो.

निवड मात्र नेहमी आपल्या हातात नसते. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही व्हर्च्युअल मशीनचं (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवण्याचं) सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी विकत घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमच्या लायसन्सची विक्री बंद केली. आता कोअरमागे सबस्क्रिप्शन, तेही प्रोसेसरमागे किमान १६ कोअरचं. जुन्या सर्व्हरमध्ये ८ कोअरचा प्रोसेसर असला तरी पैसे १६ चेच.

२. मोजमाप आपल्या कामाशी जुळतं का, ते पाहा

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हरला सर्व्हरच्या कोअरचं लायसन्स लागतंच, शिवाय तो वापरणाऱ्यांसाठी वेगळं ‘कॅल’ (वापराचा परवाना) घ्यावं लागतं. कॅल माणसावर घेता येतं किंवा यंत्रावर. चाकणच्या कारखान्यात शॉप फ्लोअरवरच्या एकाच संगणकावर तिन्ही पाळ्यांचे ऑपरेटर आळीपाळीने बसत असतील, तर यंत्रावरचं एक कॅल पुरतं. लॅपटॉप, मोबाइल आणि ऑफिसचा डेस्कटॉप असं सगळं वापरणाऱ्या सेल्सच्या माणसासाठी व्यक्तीवरचं घ्यावं. सरसकट एकच प्रकार घेणाऱ्या कंपन्या विनाकारण जास्त मोजतात.

हजेरीपटावरचं मोजमाप सगळ्यात महागात पडतं. ओरॅकलने जानेवारी २०२३ पासून जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन तसं केलं. जावा वापरणारे २० जण असोत, कंपनीत ३०० माणसं असतील तर पैसे ३०० जणांचे. त्यात अर्धवेळ, हंगामी आणि कंपनीच्या कामासाठी घेतलेली कंत्राटदाराची माणसंही धरतात. हजारपेक्षा कमी माणसांना दरपत्रकात माणशी महिना १५ डॉलर, म्हणजे ३०० जणांचे वर्षाला ५४,००० डॉलर. टेमुरिन किंवा कोरेट्टो यांसारख्या जावाच्या फुकट (ओपनजेडीके) आवृत्त्यांवर बहुतेक प्रोग्रॅम चालतात, त्यामुळे सही करण्याआधी तुमचे चालतात का याची चाचणी करून घ्याच.

३. गुणाकार स्वतः करा

ओरॅकल डेटाबेसच्या एंटरप्राइज एडिशनचा दरपत्रकातला भाव प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर. इथे ‘प्रोसेसर’ म्हणजे चिप नव्हे. कोअरची संख्या घ्यायची आणि तिला ठरलेल्या गुणकाने गुणायचं. इंटेल आणि एएमडीसाठी हा गुणक ०.५ आहे. १६ कोअरच्या दोन चिप म्हणजे ३२ कोअर, म्हणून १६ लायसन्स, म्हणजे ७,६०,००० डॉलर.

‘आमचे वापरणारे तर ६० च आहेत’ म्हणून माणशी ९५० डॉलरचं नेम्ड युजर प्लस (माणसं मोजणारं लायसन्स) घ्यायला जाल, तर तिथे प्रोसेसर लायसन्समागे किमान २५ माणसांची अट आहे. १६ गुणिले २५, म्हणजे ४०० जणांचे ३,८०,००० डॉलर. बसणारे ६०, ताटं ४०० ची.

तोच सर्व्हर स्टँडर्ड एडिशन २ वर चालवला तर सॉकेटमागे (चिप बसवायच्या जागेमागे) १७,५०० प्रमाणे ३५,००० डॉलर. दोनपेक्षा जास्त सॉकेटच्या सर्व्हरवर ती चालत नाही आणि डेटाबेसला १६ थ्रेडच (एकाच वेळी चालणारी कामं) वापरू देते. पार्टिशनिंग (मोठे तक्ते तुकड्यांत ठेवणं) किंवा डेटा गार्ड (डेटाबेसची दुसरी तयार प्रत ठेवणं) या फक्त एंटरप्राइजमधल्या सोयी खरंच लागतात का, हा प्रश्न म्हणून लाखो डॉलरचा आहे, आणि तो आयटीवाल्यांना लेखी विचारावा. मोठ्या गिऱ्हाइकाला दरपत्रकावर भरघोस सूट मिळते हे खरं, पण सूट चुकीच्या एडिशनवर मिळाली तर काय उपयोग?

व्हर्च्युअल मशीनचा पेच वेगळाच. व्हीएमवेअरच्या मोठ्या क्लस्टरमधल्या (जोडलेल्या सर्व्हरच्या गटातल्या) एका छोट्या मशीनवर ओरॅकल चालवलं, तरी ते जिथे हलू शकतं त्या सगळ्या होस्टचे (सर्व्हरचे) कोअर मोजायचे, अशी ओरॅकल कंपनीची भूमिका असते. गंमत म्हणजे हे सांगणारा तिचा धोरण-कागद स्वतःच म्हणतो की तो कराराचा भाग नाही. तरीही वाद टाळायचा तर ओरॅकलसाठी वेगळे होस्ट ठेवा.

४. पाच वर्षांचा सपोर्ट किमतीत धरा

ओरॅकलचा सपोर्ट लायसन्सच्या निव्वळ किमतीच्या वार्षिक २२ टक्के. वरच्या ७,६०,००० वर वर्षाला १,६७,२०० आणि पाच वर्षांत ८,३६,०००, म्हणजे मूळ किमतीपेक्षा जास्त. दरवर्षीची वाढ यात धरलेली नाही.

५. बाहेरून काय जोडलंय?

डिआजिओ या ब्रिटनच्या मद्यकंपनीने सेल्सफोर्स या विक्रीच्या ऑनलाइन सॉफ्टवेअरवर दोन ॲप बांधली आणि ती सॅप कंपनीच्या ईआरपीला जोडली. ग्राहक आणि डिआजिओचे विक्री प्रतिनिधी सॅपमध्ये थेट लॉगइन करत नव्हते. तरी त्यांनाही लायसन्स लागतं, असा निकाल लंडनच्या हायकोर्टाने फेब्रुवारी २०१७ मध्ये दिला. सॅपची मागणी ५ कोटी ४० लाख पौंडांहून अधिक होती. पुढच्या वर्षी सॅपने अशा जोडण्यांसाठी माणसांऐवजी दस्तऐवज (ऑर्डर, बिलं यांसारख्या नोंदी) मोजणारी पद्धत आणली. तुमचं डीलर पोर्टल, वेबसाइट, गोदामाचं ॲप यांची यादी करा आणि प्रत्येकाचा मोबदला कसा धरला जाईल हे करारात लिहून घ्या.

६. करारातली बारीक अक्षरं

व्हेंडरच्या ऑडिटची (वापराच्या तपासणीची) नोटीस किती दिवसांची, जास्तीचा वापर सापडला तर तो सवलतीच्या दराने भरायचा की दरपत्रकाच्या, करार संपल्यावर डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळणार, हे पाहा. आणि वर्षातून एकदा स्वतःची मोजणी स्वतः करा. सोडून गेलेल्या लोकांची खाती चालू राहणं सर्रास असतं.

७. सौदा

जीएसटी १८ टक्के. इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी वजा करून घेण्याची सोय) मिळणाऱ्या कारखान्याने तुलनेत तो सोडला तरी चालतो. रुग्णालयाला ते मिळत नाही, त्याने किमतीतच धरावा. कोटेशन डॉलरमध्ये असेल तर कोणत्या तारखेचा दर लागू, हे विचारा.

ओरॅकलचं आर्थिक वर्ष ३१ मेला संपतं, मायक्रोसॉफ्टचं ३० जूनला, सॅपचं ३१ डिसेंबरला. विक्रीवाल्यांची टार्गेटं तेव्हा पुरी व्हायची असतात, म्हणून बोलणी दोन-तीन महिने आधी सुरू करून शेवटच्या आठवड्यांपर्यंत नेता येतात. तेव्हा पहिल्या वर्षाची सूट वाढवून मागण्यापेक्षा नूतनीकरणाच्या दरवाढीवर कमाल मर्यादा मागा. सूट एका वर्षाची असते, दरवाढ दरवर्षीची.