बजरीगरची वीण: मडके टांगण्याआधी या चुका टाळा

खानदेशात ज्यांना सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हटले जाते ते पक्षी बहुधा बजरीगर असतात. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे मडके बारा महिने टांगलेले ठेवणे. पिंजऱ्यात मडके दिसले की मादी अंडी घालण्याच्या तयारीला लागते; मग जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेलेला असताना, पत्र्याच्या छपराखालच्या त्या मडक्यात पिल्ले तडफडून मरतात. माझ्या मते पावसाळा सरल्यावर मडके लावावे, फेब्रुवारीअखेर काढून घ्यावे आणि वर्षाला दोनच विणी घ्याव्यात.

जोडी किमान दहा-बारा महिन्यांची असावी. वयात आलेल्या नराच्या चोचीवरचा भाग निळा, तर मादीचा तपकिरी असतो. हे न पाहिल्याने दोन माद्या एकत्र ठेवून पिल्लांची वाट पाहणारेही भेटतात. जोडी योग्य असूनही अंडी पोकळ, म्हणजे पिल्लू न धरलेली, निघत असतील, तर बसण्याची काठी हलते का ते तपासावे, कारण डगमगत्या काठीवर मीलन नीट होत नाही.

अंडी मात्र घाईने फेकू नयेत. मादी एक दिवसाआड एक अशी साधारण चार ते सहा अंडी घालते आणि प्रत्येक अंड्याला उबवणीचे सुमारे १८ दिवस लागतात. त्यामुळे पहिले पिल्लू निघाल्यावरही शेवटचे अंडे फुटायला आठ-दहा दिवस जाऊ शकतात. आठवडाभर उबवलेले अंडे अंधारात टॉर्चसमोर धरल्यास जिवंत अंड्यात लाल शिरा दिसतात.

मादी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली आणि जोर करू लागली, तर अंडे अडकले असण्याची शक्यता असते. पोट दाबू नये, आत अंडे फुटले तर तिच्या जिवावर बेतते. तिला ऊब देऊन त्वरित पशुवैद्यकाकडे न्यावे. हा प्रसंग टाळण्यासाठी राळा-बाजरीच्या जोडीला कॅल्शियम देणारा समुद्रफेस (माकुळीच्या अंगातले पांढरे कवच) नेहमी पिंजऱ्यात असावा.

मडक्याच्या गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात, म्हणून सुताराकडचा रंध्याचा स्वच्छ, कोरडा भुसा घालावा. साधारण पाच आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात, तरी काही दिवस बापच त्यांना भरवतो; ती स्वतः दाणे फोडून खाताना दिसेपर्यंत त्यांना वेगळे करू नये.