वांग आणि काळ्या डागांवर पेप्टाइड सीरम कसं वापरावं?

अल्फा-एमएसएच हे संप्रेरक त्वचेतल्या रंगपेशींना मेलॅनिन बनवायचा निरोप देतं. तो निरोप जिथे पोचतो, ती जागा नोनापेप्टाइड-१ हे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) अडवतं. डेकापेप्टाइड-१२ हे दुसरं पेप्टाइड मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) थेट रोखतं. दोन्हींचा पुरावा मुख्यतः प्रयोगशाळेतला आणि छोट्या चाचण्यांचा आहे, त्यामुळे डाग फिकट होतील एवढीच अपेक्षा ठेवा.

१. बाटलीमागची यादी वाचा. यांपैकी एकाचं नाव हवं. निळसर रंगाचं कॉपर पेप्टाइड सुरकुत्यांसाठी विकलं जातं, डागांसाठी ते घेऊ नका. 'पेप्टाइड १०%' या आकड्याला भुलू नका. तो बहुधा पेप्टाइड विरघळवलेल्या द्रावणाचा असतो, खुद्द पेप्टाइड त्यात अगदी थोडं असतं.

२. कानामागे थेंबभर लावून दोन दिवस बघा. खाज आली, लाली आली की विषय संपला. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत जळजळ झाली की तिथेच नवा डाग उठतो.

३. रात्री सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून घ्या, २-३ थेंब लावा, वर साधं मॉइश्चरायझर. ग्लायकोलिक आम्ल वापरत असाल तर ते वेगळ्या रात्री.

४. खरं काम सकाळचं. एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, निघण्याआधी १५ मिनिटं. वांग असेल तर आयर्न ऑक्साइडवालं रंगीत घ्या, कारण वांग नुसत्या दृश्य प्रकाशानेही गडद होतो.

पुण्यात गोची होते ती स्कार्फमुळे. दुचाकीवर तोंड गच्च बांधलं की झालं, असं वाटतं. पण पातळ सुती कापडातून ऊन आत येतंच आणि गालाच्या उंचवट्यावर, नाकावर सनस्क्रीन पुसलं जातं. स्वारगेटहून हिंजवडीला पोचेपर्यंत तिथे काहीच उरत नाही. स्कार्फ सैल बांधा, उतरल्यावर सनस्क्रीन पुन्हा लावा. कापडाच्या रोजच्या घासण्यानेही त्वचा काळवंडते.

दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा. आरशावर विसंबू नका. १२ आठवड्यांत फरक दिसला नाही तर बाटली बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असलेली क्रीम मात्र स्वतःहून लावू नका. आठवड्या-दोन आठवड्यांत चेहरा उजळतो खरा, पण पुढे त्वचा पातळ होते, लव वाढते आणि क्रीम थांबवली की डाग परत येतात.