भुसावळच्या उन्हातून केदारच्या थंडीत: एका बॅगेत, सात किलोंच्या आत

मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तिथून गाडीत बसलेला माणूस चार-पाच दिवसांत केदारनाथला पोहोचतो, आणि तिथे रात्री पारा शून्याच्या जवळ उतरलेला असतो. खानदेशातून चारधामला निघणाऱ्यांच्या बॅगा फुगतात त्या या फरकाच्या धास्तीने. उन्हाचे कपडे वेगळे, थंडीचे वेगळे, पावसाचे वेगळे, दर्शनाचे वेगळे, आणि "असू द्या, लागलं तर" म्हणून वरून कोंबलेले आणखी वेगळे. अशी १५ किलोंची बॅग गौरीकुंडापासून १६ किलोमीटर चढवायची म्हणजे खांद्यांचे हाल.

हवामानागणिक कपडे मोजायचेच नाहीत. एकावर एक चढवता येतील असे पातळ कपडे घ्यायचे आणि रोज रात्री धुवायचे. मग तीन दिवसांचा प्रवास असो की पंधरा दिवसांचा, बॅग तेवढीच राहते.

आधी थंडीचा अंदाज बांधा. उंची हजार मीटर वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. हरिद्वार तीनशे मीटरवर आहे, केदारनाथ ३,५८३ मीटरवर. हरिद्वारला ३८ अंश असतील तर केदारला त्याच दुपारी १७ च्या आसपास असणार. रात्र, वारा आणि भिजलेलं अंग हे त्याच्या वर. हाच हिशेब तोरणमाळला लावा, मनालीला लावा, लेहला लावा. गावाची उंची कळली की बॅगेत काय हवं ते निम्मं ठरतं.

बॅग

३५ ते ४० लिटरची पाठीवरची बॅग पुरते. रिकाम्या बॅगेचं वजन १,१०० ग्रॅमच्या पुढे नको. दुकानात बघताना तीन गोष्टी तपासा. कमरेचा पट्टा हवा, आणि तो नुसता रिबिनीसारखा नको, जरा रुंद हवा, कारण भार खांद्यांवरून कमरेवर तोच आणतो. छातीचा पट्टा हवा. आणि चेन सूटकेससारखी तिन्ही बाजूंनी उघडणारी हवी. नुसती वरून उघडणारी बॅग असली की तळातला मोजा काढायला सगळा संसार धर्मशाळेच्या गादीवर मांडावा लागतो.

सात किलोंची मर्यादा पाळायला आणखी एक कारण आहे. बहुतेक विमान कंपन्या देशांतर्गत प्रवासात हातातल्या बॅगेला सातच किलो देतात, माप साधारण ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर. परतीला डेहराडून किंवा दिल्लीहून विमान पकडलं तरी हीच बॅग सोबत आत नेता येते.

सुती कापड: घरी तारतं, डोंगरावर मारतं

आपल्याकडच्या कोरड्या उन्हात सुती सदऱ्याला तोड नाही. घाम कापडात शोषला जातो, कोरडी हवा तो उडवून नेते आणि अंग गार राहतं. नेमका हाच गुण थंडीत घात करतो. चढताना घाम येतो, सुती बनियन तो पिऊन बसतं, वर हवा गार असल्याने ते वाळत नाही. थांबलात की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. केदारच्या वाटेवर चहाच्या टपरीपाशी माणसं दहा मिनिटांत कुडकुडायला लागतात, त्यामागे बऱ्याचदा हे ओलं बनियन असतं.

म्हणून लांब बाह्यांचा एकच पातळ सुती सदरा घ्या आणि तो घरून अंगावर घालूनच निघा. हरिद्वारपर्यंत, ऋषिकेशपर्यंत तोच. डोंगर लागला की तो बॅगेच्या तळाशी जातो आणि परतीला पुन्हा अंगावर येतो. बॅगेत चटकन वाळणारे पॉलिस्टरचे दोन टी-शर्ट ठेवा, दोन्ही मिळून २८० ग्रॅम. जीन्स घरीच. एकटी ती ७०० ग्रॅमपर्यंत भरते आणि भिजली की दोन दिवस वाळत नाही. नायलॉनची पातळ पँट ३०० ग्रॅमची असते, एक अंगावर, एक बॅगेत.

थंडीचा जामानिमा असा: थर्मलचा, म्हणजे अंगालगत घालायच्या ऊबदार सदरा-विजारीचा जोड ३८० ग्रॅम, फ्लीसचं (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं) जाकीट ३२०, पातळ पॅडेड जाकीट ३५०, पावसाचं जाकीट ३००, कानटोपी आणि हातमोजे १३०, लोकरी मोज्यांचे दोन जोड १६०. बेरीज १,६४० ग्रॅम. धुळ्याच्या जानेवारीत वापरतो ते एकच जाडजूड जाकीट किलोच्या वर भरतं, आणि त्याला "थोडं कमी ऊबदार" होता येत नाही. ते एक तर अंगावर, नाही तर हातावर. थरांचं तसं नाही. दुपारी नुसता टी-शर्ट, ढग आले की त्यावर पावसाचं जाकीट, संध्याकाळी फ्लीस, रात्री सगळं एकावर एक.

पॅडेड जाकीट घेताना आत पिसं आहेत की कृत्रिम कापूस, ते विचारा. पिसांचं जाकीट हलकं आणि जास्त ऊबदार, पण भिजलं की गोळा होतं आणि ऊब संपते. उत्तराखंडात दुपारनंतर पाऊस कधीही येतो, तिथे कृत्रिम कापसाचंच बरं. पावसाचं जाकीट थोडं मोठं घ्या, पॅडेड जाकिटावर बसलं पाहिजे.

थर्मल घालून चढायला सुरुवात करणं ही सर्रास होणारी चूक. पहाटे थंडी वाजते म्हणून घालतात, तासाभरात ते घामाने चिंब होतं आणि रात्रीसाठी कोरडं काही उरत नाही. निघताना जरा थंडी वाजलीच पाहिजे. पंधरा मिनिटांत अंग तापतं. थांबलात की आधी जाकीट चढवा, मग चहा सांगा. थर्मल फक्त झोपताना, आणि ते कोरडं राहिलंच पाहिजे.

गमछा

या सगळ्या नव्या कापडांत खानदेशातली एक जुनी गोष्ट कोणापेक्षा कमी नाही. टर्किश टॉवेल अर्धा किलोचा असतो. सुती गमछा १३० ग्रॅमचा. भुसावळच्या फलाटावर तो ओला करून डोक्याला बांधा, गाडीत तोंडावर घ्या, डोंगरात गळ्याभोवती गुंडाळा, टपरीवर तोंड पुसा. अंग पुसायला दुसरा पंचा, १५० ग्रॅम. सुती असूनही हे दोन्ही चालतात, कारण ते अंगाला घट्ट चिकटून नसतात आणि ओले झाले तर सोडून ठेवता येतात.

धुणं आणि वाळवणं

कपडा रात्रीत वाळतो का, हे घरी तपासून घ्या. पण इथे आपल्याकडे हमखास फसगत होते. जळगावच्या मे महिन्यात गोधडीसुद्धा दुपारभरात वाळते, त्यामुळे गच्चीवर घेतलेल्या परीक्षेत प्रत्येक कपडा पास होतो. परीक्षा बाथरूममध्ये घ्या. दार लावून, पंखा नाही, ऊन नाही. रात्री नऊला धुऊन टांगा, सकाळी सहाला कमरेची पट्टी, खिसे आणि शिवणी बोटांनी दाबून बघा. गार लागल्या तर तो कपडा बॅगेत नको.

प्रवासात धुताना ही रीत ठेवा. टी-शर्ट साबणाच्या वडीने चोळून धुवा, हाताने पिळा. कोरडा पंचा जमिनीवर पसरा, त्यावर टी-शर्ट सपाट ठेवा, दोन्हींची एकत्र घट्ट गुंडाळी करा. एक टोक पायाखाली धरा आणि दुसरं टोक हाताने पीळ देत जा, दोरीसारखं. पंचा ओला होतो, टी-शर्ट नुसता दमट उरतो. मग तो टांगा, पंचा वेगळा टांगा. पिळून थेट टांगलेल्या कपड्यापेक्षा हा कितीतरी लवकर वाळतो. सकाळी किंचित दमट राहिलाच तर अंगावर घालून अर्धा तास चाला, अंगाच्या उबेने वाळेल. मोज्यांचं मात्र असं करू नका. दमट मोजे म्हणजे फोड. ते बॅगेच्या बाहेरून पट्ट्याला अडकवून उन्हात वाळवा.

आतले कपडे तीन जोड, पातळ मोज्यांचा एक जोड जास्तीचा, रात्री घालायला एक हलका पायजमा. याहून जास्त लागत नाही.

साडी नेसणाऱ्यांसाठी

आयुष्यभर साडीच नेसलेल्या आजींना ट्रॅक पँट घाला म्हणणं सोपं, पण त्या घालत नाहीत. मग साडीतच सोय करा. परकराच्या आत थर्मलची विजार, ब्लाउजच्या आत लांब बाह्यांचं थर्मल, पायात लोकरी मोजे आणि बूट. आजी सहसा घोड्यावर किंवा डोलीत असतात. त्यांना चढण्याचा घाम येत नाही, बसून थंडी मात्र जास्त वाजते, म्हणून थर्मलचा वरचा नियम त्यांना लागू नाही. सुती साडीऐवजी जॉर्जेटची घ्या. वजनाने हलकी, वाळायला झटपट. दोन पुरतात. चालत जाणाऱ्या बायकांनी साडी दर्शनासाठी बॅगेत ठेवावी आणि वाट पंजाबी ड्रेसवर किंवा पँटवर काढावी. पॅड घरूनच न्या, वर तुमच्या सवयीचे मिळतील याचा भरवसा नाही.

बुटं

बूट एकच आणि तो पायात. बॅगेत फक्त हलकी चप्पल, २५० ग्रॅमची. बूट नवे असतील तर निघण्याआधी तीन आठवडे रोज घालून फिरा. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, खरेदीला तेव्हाच जा. लोकरी मोजा घालून माप द्या, नाही तर उतरताना अंगठ्याचं नख काळं पडतं.

तेल, औषधं, मोबाइल

खोबरेल तेल २४ अंशांखाली गोठतं. आपल्याकडे उन्हात ते पाण्यासारखं पातळ होऊन झाकणातून झिरपतं, वर गेल्यावर दगड होतं आणि बारीक तोंडाच्या बाटलीतून निघतच नाही. रुंद तोंडाची छोटी डबी घ्या, बोटाने खरवडून घेता येतं. शाम्पूची बाटली नको, पुड्या घ्या. ओठांना आणि टाचांना व्हॅसलीन.

साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश राहतो. म्हणून जळगावहून नेलेलं केळीच्या वेफर्सचं पाकीट वर जाऊन फुग्यासारखं टम्म होतं, आणि काठोकाठ भरलेली क्रीमची बाटली उघडताच उडते. बाटल्या पाऊण भरा, दाबून हवा काढा आणि मग झाकण लावा.

औषधं मूळ पट्टीतच ठेवा, सुट्या गोळ्या ओळखता येत नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते उन्हातल्या गाडीत सोडू नये आणि वर ते गोठूही देऊ नये. रात्री ते कपड्यांच्या आत असावं. ओआरएसची चार पाकिटं खालच्या उन्हासाठी घ्या. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, पेल्यात अंदाजाने टाकून नाही. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

१०,००० एमएएचची पॉवर बँक पुरते. विमानात ती हातातल्या बॅगेतच चालते. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून रात्री मोबाइल आणि पॉवर बँक पांघरुणात घ्या. आधार कार्ड आणि यात्रेच्या नोंदणीचा कागद चेनच्या प्लॅस्टिक पाकिटात, सगळ्यात वरच्या खिशात.

शिदोरी

वरचं सगळं बॅगेसकट सव्वापाच ते साडेपाच किलोंत बसतं. उरलेल्या दीड किलोत शिदोरी. दुधात भिजवलेल्या दशम्या पाण्यातल्या पोळीपेक्षा जास्त टिकतात, पण मे महिन्यात दोन दिवसांच्या पुढे भरवसा धरू नका. पूर्ण गार झाल्यावरच बांधा, कोमट बांधल्या की वाफ धरून बुरशी येते. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. ओला ठेचा पहिल्या दिवशीच संपवा. वरच्या वाटेसाठी गूळ-दाणे.

भरायचं कसं

बॅगेच्या आत एक जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला आणि सगळं तिच्यात भरा. बाहेरून चढवायचं रेनकव्हर पाठीकडून उघडंच असतं, पाणी तिथूनच उतरतं. तळाशी चप्पल आणि रात्रीचे कपडे. जड वस्तू, म्हणजे शिदोरी आणि पॉवर बँक, मध्यावर आणि पाठीला लागून. जड सामान बाहेरच्या बाजूला गेलं की बॅग मागे ओढते आणि माणूस वाकून चालतो. पॅडेड जाकीट घडी न घालता मोकळ्या फटींत कोंबा. पावसाचं जाकीट सगळ्यात वर, कारण ते लागतं तेव्हा घाईनेच लागतं.

निघायच्या चार दिवस आधी बॅग पूर्ण भरा, लिटरभर पाणी घाला आणि पहाटे चार किलोमीटर चालून या. आधी कमरेचा पट्टा आवळा, मग खांद्यांचे, मग छातीचा. खांदे दुखले तर कमरेचा पट्टा खाली घसरला आहे, तो कमरेच्या हाडावर चढवा. घरी आलात की प्रत्येक वस्तू हातात घ्या. "असू द्या" एवढंच कारण असेल तर ती काढा.

हीच बॅग श्रावणात कोकणात न्यायची असेल तर थर्मल, फ्लीस, पॅडेड जाकीट, टोपी, हातमोजे काढा आणि एक टी-शर्ट, एक छत्री वाढवा. लेहला सप्टेंबरात जाताना तीच यादी जशीच्या तशी, वर गॉगल आणि उन्हाचं क्रीम.

परत आल्यावर बॅग त्याच दिवशी रिकामी करा, उलटी करून वाळवा. पॅडेड जाकीट दाबलेल्या पिशवीत वर्षभर ठेवलं तर पुढच्या वेळी फुगत नाही आणि ऊब धरत नाही. ते कपाटात हँगरला सैल टांगा.