चार चॅनलवर अहिराणी ठेका: चिपट्यून बनवायचं कसं आणि हळदीत वाजवायचं कसं

चिपट्यून म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमच्या आवाजाच्या चिपवर, किंवा तसाच आवाज काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर, बनवलेलं संगीत. ते करायला गेमबॉय, म्हणजे निन्टेन्डोचा हातात धरायचा जुना गेम, लागतोच असं समजून बरेच जण सुरुवातच करत नाहीत. नाही लागत भो. घरात एखादा जुना विंडोजचा लॅपटॉप पडलेला असेल, बॅटरी गेलेला, चार्जर काढला की बंद पडणारा, त्यावरसुद्धा फॅमिट्रॅकर हा ट्रॅकर, म्हणजे ओळी-ओळींत सूर भरायचं सॉफ्टवेअर, मस्त चालतो आणि तो फुकट आहे. फर्नेस पण फुकट, त्यात निन्टेन्डो, गेमबॉय, सेगा, कमोडोर सगळ्यांच्या चिप एकाच जागी मिळतात. लॅपटॉपच नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरमधे बीपबॉक्स उघडा, बोटाने नोटा टाकत बसा, दोन दिवसांत कळेल की आपल्याला यात गोडी आहे की नाही. मी खाली सांगतोय ते फॅमिट्रॅकर धरून सांगतोय कारण माझा हात त्यावर बसलाय, बाकीच्यांत बटणं वेगळी, डोकं तेच.

मशीन आधी समजून घ्या, लांबण लावत नाही. १९८३ ला जपानमधे आलेल्या फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्ही गेमच्या, चिपमधे आवाजाच्या पाच वाटा म्हणजे चॅनल: दोन पल्स (चौकोनी, चिरका आवाज), एक ट्रँगल (गोल, बेसचा आवाज), एक नॉइज (खरखर) आणि पाचवा एक छोटा सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला तुकडा, वाजवणारा. १९८९ च्या गेमबॉयमधे दोन पल्स, एक वेव्ह, एक नॉइज. पल्सला रंग, म्हणजे ड्युटी, चार, १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के, त्यातले २५ आणि ७५ कानाला सारखेच लागतात त्यामुळे खरे रंग तीनच. फॅमिकॉमच्या ट्रँगलला व्हॉल्युमच नाही, एकतर वाजतो नाहीतर बंद. आणि एका चॅनलवर एका वेळी एकच सूर, बस.

जाता जाता एक गंमत. जळगाव-धुळ्याकडे नव्वदीत घराघरात जो कॅसेटवाला टीव्ही गेम होता तो बहुतेक ठिकाणी फॅमिकॉमचा क्लोन, म्हणजे नक्कलच होता, आणि त्यातल्या बऱ्याच क्लोन चिपमधे २५ टक्के आणि ५० टक्के हे दोन रंग उलटेसुलटे झालेले असायचे. म्हणजे आपल्या डोक्यात लहानपणीचा जो आवाज बसलाय तो ओरिजिनलचा नाहीच! लहानपणीचा फील पाहिजे असेल तर पल्सचे हे दोन आकडे अदलाबदल करून बघा, चाळिशीतले लोकं लगेच मान वळवतात.

आता ठेका. खरं काम इथे आहे म्हणून इथे थोडं थांबतो. फॅमिट्रॅकर उघडला की पॅटर्न ६४ ओळींचा असतो, तो केरव्याला बरोबर बसतो, पण आपल्याकडच्या नाचायच्या बऱ्याच गाण्यांना सहा मात्रांचा झुलता ठेका असतो आणि तो ६४ मधे टाकला की सहाव्या आवर्तनाला पाय चुकतो. म्हणून ओळी ४८ करा, हायलाइट (रंगाने उठून दिसणाऱ्या ओळी) ६ आणि १२ वर ठेवा, एका मात्रेला दोन ओळी. टेम्पो १५० तसाच राहू द्या आणि स्पीड, म्हणजे एक ओळ किती वेळ टिकते तो आकडा, ६ चा ५ करा. मग चिप सेकंदाला १२ ओळी वाचते, एक आवर्तन बरोबर एका सेकंदात होतं, त्यात दोन मोठे ठोके, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, आणि ही नाचायची चाल आहे. स्पीड ६ ठेवला तर १०० ठोके होतात, ते बायकांच्या फेराच्या गाण्याला बरे. अजून झोल पाहिजे असेल तर एका ओळीला स्पीड ६ आणि पुढच्या ओळीला ४ असं आलटून पालटून टाकत जा, ठेका लंगडत चालतो आणि तेच मस्त वाटतं.

ढोलकी दोन चॅनलवर वाटून घ्यायची. डग्ग्याचा 'धुम' ट्रँगलवर. त्यासाठी एक इन्स्ट्रुमेंट बनवा आणि त्याच्या आर्पेजिओ (सूर भराभर बदलणाऱ्या) सिक्वेन्समधे १२, ७, ३, ० असे उतरते आकडे भरा, म्हणजे मूळ सुराच्या किती अर्धसूर वर ते. प्रत्येक आकडा सेकंदाचा साठावा भाग टिकतो, त्यामुळे सूर वरून खाली धपकन पडतो आणि कानाला तो सूर न वाटता थाप वाटते. 'चाट' नॉइजवर, व्हॉल्युम सिक्वेन्स १५, ९, ४, १, ०, एवढाच. हलगीसारखा पत्र्याचा आवाज पाहिजे असेल तर नॉइजचा ड्युटी १ करा. बारा ओळींमधे पहिल्या आणि सातव्या ओळीवर धुम, पाचव्या आणि अकराव्यावर चाट, आणि तिसऱ्या-नवव्यावर तीच चाट पण अगदी दबक्या आवाजात. मोजताना लक्षात ठेवा, ट्रॅकर शून्यापासून मोजतो आणि तेही हेक्समधे, म्हणजे आपली अकरावी ओळ तिथे ०ए दिसते.

आता अडचण अशी येते की ट्रँगल ढोलकीने खाल्ला तर बेस कोण वाजवणार. तोच वाजवणार. धुम एका ओळीत संपतो, लगेच पुढच्या ओळीवर बेसचा सूर परत टाकायचा, मधे जी फट पडते ती कान स्वतःच भरून काढतो. पाचवा चॅनल वापरून खऱ्या ढोलकीचं सॅम्पल पण टाकता येतं, जास्तीत जास्त ४०८१ बाइट, सगळ्यात वरच्या क्वालिटीला जेमतेम एक सेकंद. ते चीटिंग आहे असं म्हणणारे लोकं आहेत, मला नाही वाटत, चिपमधे दिलेलंच आहे ते. पण आधी महिनाभर त्याच्याशिवाय करा.

चाल कुठून घ्यायची? तयार रेकॉर्ड झालेली अहिराणी गाणी उचलली तर यूट्यूबवर क्लेम येतो, आणि तुम्ही सगळं स्वतः वाजवलं असलं तरी संगीताचा हक्क संगीतकाराचा किंवा कंपनीचाच राहतो. त्यापेक्षा घरात विचारा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (खान्देशातली देवी) बसते, रात्रभर जागरण असतं, तेव्हा आजी, मावशी, काकू जी परंपरागत गाणी म्हणतात ती कोणाच्या मालकीची नाहीत. मोबाइल लांब ठेवून, विचारून रेकॉर्ड करा. चाल बहुतेक चार-पाच सुरांत फिरते, आणि एकाच सुराच्या चॅनलला अशी चाल म्हणजे पर्वणीच. फक्त आज्या पेटीच्या पट्टीवर गात नाहीत, ओळीचा शेवटचा सूर त्या हळूच खाली सोडतात. तो सोडलेला सूर हातून निसटला तर गाणं शाळेच्या प्रार्थनेसारखं सपाट होतं. म्हणून शेवटची नोट टाका, तीन-चार ओळी तशीच राहू द्या, मग २०२ हा इफेक्ट कोड देऊन सूर घसरू द्या आणि ठेक्याच्या जरा आधी कापा. दोन सुरांमधली मींड पाहिजे असेल तर ३ नंबरचा इफेक्ट. हे एका ओळीला अर्धा तास खातं, खाऊ द्या.

कॉर्डच्या नादी लागू नका. चिपट्यून म्हटलं की सगळे ०४७ हा आर्पेजिओ इफेक्ट टाकतात, तो खळखळणारा मेजर कॉर्ड, आणि कानबाईच्या गाण्याखाली तो ठेवला की एकदम व्हिडिओ गेममधे लेव्हल जिंकल्यासारखं वाटतं. ०७सी टाका, म्हणजे सा, प आणि वरचा सा, तंबोरा आपोआप तयार होतो. दुसरा पल्स मोकळा असेल तर त्यावर तीच चाल दोन-तीन ओळी उशिरा, कमी आवाजात, आणि पी८१ देऊन किंचित बेसूर करून ठेवा. असं केलं की २५ टक्क्याचा पल्स हुबेहूब आपल्या लग्नातल्या बँजोसारखा वाजतो. अमळनेरकडच्या एका बँजो पार्टीच्या मास्तरांना हेडफोनवर ऐकवलं तर डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हाऊ ते बँजोच शे रे भो!"

आणि माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. कला करायची की लोकांना आवडेल ते करायचं यावर लोकं रात्र रात्र भांडतात. माझा अनुभव असा की लोकांना चाल आणि ठेका ओळखीचा लागतो, आवाज ओळखीचा असायलाच पाहिजे असं काही नाही. खान्देशातल्या माणसाचा कान तर पातळ, किणकिणत्या, एकाच सुराच्या आवाजावर वाढलाय, त्याला पल्स परका नाहीच. त्यामुळे सूट द्यायची ती चालीत द्या, ठेक्यात द्या, आवाजात एक पैची देऊ नका. सगळ्यात मोठा मोह म्हणजे खाली तयार डीजे बीट टाकणे. टाकला की गर्दी नाचते हे खरं, पण मग नाचते ती बीटवर, तुमचा पल्स वर नुसता नोकियाच्या रिंगटोनसारखा टिंगटिंगत राहतो आणि पुढच्या वेळी लोकं म्हणतात ते टिंगटिंग काढून टाका, बीट चांगला होता.

स्वतःची हौस भागवायची जागा वेगळी आहे. मुखडा आणि कडव्यांच्या मधला म्युझिक पीस. मुखडा गर्दीचा, कडवं गर्दीचं, पीस तुमचा. आठ आवर्तनं म्हणजे आठ सेकंद, त्यात काय वाट्टेल ते करा, सप्तक उडवा, ठेका उलटा करा, नॉइजवर सूर वाजवा, मेटॅलिक मोडमधे, म्हणजे ड्युटी १ वर, ते होतं. नाचणाऱ्याचा पाय जमिनीवर टेकायच्या आत मुखड्यावर परत आलं की झालं. आठचे सोळा सेकंद कधी करायचे ते गर्दी बघून ठरवा, तिसऱ्या गाण्याला चालून जातं, पहिल्याला नाही.

खरं हार्डवेअर नाही तर ते फेकबिट, म्हणजे नकली चिपट्यून, असला वाद पण आहे. हळदीत आजवर कोणी विचारलेलं नाही. चॅनलची मर्यादा पाळा, मग लॅपटॉपवर वाजवलं काय नि गेमबॉयवर काय. न्यूयॉर्कचा अनामानागुची बँड निन्टेन्डोच्या चिपसोबत गिटार आणि खरे ड्रम वाजवून नावारूपाला आला, त्यांना कोणी कमअस्सल म्हणत नाही. आपण ढोलकीवाला घ्यावा, संबळ घ्यावी, अहिराणी गाणारी एखादी ताई असेल तर सोन्याहून पिवळं.

ढोलकीवाला सोबत असेल तर मशीन त्याच्यासाठी थांबत नाही, त्यालाच मशीनसोबत राहावं लागतं, आणि डीजेच्या गोंगाटात त्याला टेम्पो ऐकू येत नाही. इथे गेमबॉय कामाला येतो. त्यावर एलएसडीजे किंवा नॅनोलूप हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर चालतं, आणि त्याचा प्रत्येक चॅनल पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे टाकता येतो. ढोलकी खरी असल्यामुळे नॉइज चॅनल रिकामाच असतो, त्यावर नुसती टिकटिक भरा, ती उजवीकडे टाका, बाकी सगळं डावीकडे. वायरने दोन्ही बाजू वेगळ्या काढायच्या, डावी मिक्सरला, उजवी ढोलकीवाल्याच्या एका कानात. कुठलंही महागडं यंत्र न लागता काम होतं.

स्टेजवरची अडचण अशी की लोकांना काही दिसतच नाही. बँजोवाल्याची बोटं दिसतात, तुमच्या हातात एक करडा डबा, आणि समोरचे आबा शेजाऱ्याला विचारतात, "हाऊ मोबाइल खेयी ऱ्हायना का?" त्यामुळे लाइव्ह म्यूट करून दाखवा. मधेच ढोलकी बंद, बेस बंद, फक्त चाल, मग एकेक परत आणा, आणि प्रत्येक वेळी हात वर करा, लाजू नका. लॅपटॉपवर फर्नेसमधून वाजवत असाल आणि एलईडी वॉल असेल तर फर्नेसमधला ऑसिलोस्कोप (आवाजाच्या लाटा दाखवणारी खिडकी) त्यावर टाका, प्रत्येक चॅनलची रेघ वेगळी नाचते, मग लहान पोरं सगळ्यात आधी पुढे येतात आणि त्यांच्यामागे त्यांच्या आया.

साउंडवाल्या भाऊंशी आधीच बोलून घ्या, आणि गोड बोला. त्यांना सवय ट्रेबल वर करायची, पल्स मुळातच चिरका, दोन्ही एकत्र आले की पहिल्या रांगेतले जिभाऊ उठून जातात. दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास थोडं खाली घ्यायला सांगा. चौकोनी वेव्ह सतत भरून वाजते, गाण्यासारखी वरखाली होत नाही, म्हणून गेन कमी ठेवायचा नाहीतर टॉपची कॉइल जळायची भीती. ट्रँगलचा बेस डीजेवर छाती हलवतो पण मोबाइलच्या स्पीकरवर गायबच होतो, म्हणून रीलसाठी बेस एक सप्तक वर चढवून वेगळी फाइल काढा. रात्री दहाला स्पीकर बंद होणार हे धरून चला आणि तुमचं सगळ्यात हुकमी गाणं पावणेदहाच्या आत वाजवा.

मे महिन्यात लग्नं असतात आणि जळगावात पारा ४५ च्या घरात. उन्हात तापला की जुन्या गेमबॉयचा स्क्रीन काळा पडतो, मशीन बिघडलेलं नसतं, बाजूचं कॉन्ट्रास्टचं चाक फिरवा, आणि सावलीत ठेवा. चार सेल लागतात, निघताना चार जास्तीचे घ्या. सेल उतरत आले की सेव्ह फाइल खराब होऊ शकते म्हणून तिची कॉपी पेनड्राइव्हवर पण आणि मोबाइलमधे पण. पूर्ण सेटची ऑडिओ फाइलसुद्धा सोबत असू द्या. मशीन गेलंच तर माइकवर सरळ सांगा की मशीन गेलं, आता रेकॉर्डिंग लावतोय, आणि लावा, लोकं समजून घेतात, फक्त बंद पडलेला गेमबॉय हातात धरून बटणं दाबल्यासारखं करू नका, पहिल्या रांगेतली पोरं लगेच ओळखतात.