‘सुपरनॅचरल’मधलं नाव बाळाला ठेवायचंय? मग आधी एवढं उरकून घ्या

‘सुपरनॅचरल’ म्हणजे भुताखेतांची आणि सैतानांची शिकार करणाऱ्या सॅम आणि डीन या दोन भावांची अमेरिकन मालिका. पहिलं काम म्हणजे ती शेवटपर्यंत बघा. पंधरा सीझन, ३२७ भाग. रोज एक बघितला तरी जवळजवळ अकरा महिने लागतात, म्हणजे दिवस गेल्याचं कळल्यावर सुरुवात केलीत तर बाळ आधी येणार आणि शेवट राहणार. अर्धवट बघून नाव ठरवणारे हमखास फसतात. तिसऱ्या सीझनमध्ये धावून धावून मदत करणारी रूबी कुणाला आवडत नाही? चौथ्याच्या शेवटच्या भागात ती खरी कुणाच्या बाजूची होती ते कळतं, पण तोवर पाळण्यावर नाव लागलेलं असतं. नाव मुळात छानच, माणिक या अर्थाचं. फक्त माहीत असून ठेवा.

मग आवडत्या पात्राचं खरं नाव शोधा. या मालिकेत हाक मारायचं नाव एक आणि जन्माचं भलतंच, असं बरेचदा होतं. चार्ली ब्रॅडबरी मुळात सेलेस्ट मिडलटन. ‘जो’ हार्वेलचं पूर्ण नाव जोआना बेथ. नरकाचा राजा क्राउली जिवंतपणी फर्गस मॅक्लाउड नावाचा शिंपी होता, आणि त्याची आई त्याला शेवटपर्यंत फर्गसच म्हणत राहिली. माझं मत विचाराल तर ही आतली नावंच जास्त कामाची. ज्याने मालिका बघितलीये त्याला खूण पटते आणि इतरांना ते साधं, चांगलं नाव वाटतं. क्राउली ठेवलंत तर खुलासा करत बसाल.

अर्थ बघायला मात्र एक अख्खी संध्याकाळ काढा, कारण सगळ्यात जास्त गंमत आणि सगळ्यात जास्त खड्डे इथेच आहेत. मालिकेतल्या देवदूतांच्या नावांमागे लागणारं ‘एल’ हिब्रू, म्हणजे देव. मायकेल म्हणजे ‘देवासारखा कोण?’, गॅब्रिएल म्हणजे ‘देव माझं बळ’, राफाएल म्हणजे ‘देव बरं करतो’. सॅम ज्याचं लघुरूप आहे त्या सॅम्युएलमध्येही तेच ‘एल’ दडलंय. कॅस्टिएलची कथा वेगळी. तो पहिल्यांदा दिसला १८ सप्टेंबर २००८ ला, चौथ्या सीझनच्या पहिल्याच भागात. मालिका तेव्हा गुरुवारी लागायची, म्हणून गुरुवारचा देवदूत शोधून काढला, एवढं साधं कारण. तेव्हा बाळ गुरुवारी जन्माला आलं तर याहून चांगलं निमित्त नाही. नावातल्या ‘एल’च्या आधीच्या भागाचा अर्थ मात्र प्रत्येक यादी छातीठोकपणे निराळाच सांगते, त्यावर विसंबू नका.

ल्युसिफर हा शब्द लॅटिन, ‘प्रकाश आणणारा’, पहाटेच्या शुक्राचं नाव. अर्थ इतका सुंदर आणि तरी नाव ठेवायची सोय नाही. न्यूझीलंडमध्ये तर नोंदणी खात्यानेच ते नाकारलंय. लिलिथ मात्र परदेशात हल्ली आवडीने ठेवतात. कानाला गोडही लागतं. पण जुन्या ज्यू लोककथेतली लिलिथ म्हणजे आदमची पहिली बायको, आणि ती नवजात बाळांच्या जिवावर उठते असा समज होता. तिला दूर ठेवायला बाळंतिणीच्या खोलीत ताईत टांगत, त्यावर तीन देवदूतांची नावं असत: सेनॉय, सान्सेनॉय, सेमांगेलॉफ. ज्या नावाला अडवायला दारावर ताईत लावत तेच नाव पाळण्यावर लावायचं, हे मला तरी जमणार नाही. मालिकेतही ती बरेचदा लहान मुलींच्या अंगात शिरते.

आता नाव मराठीत म्हणून बघा, मोठ्याने, वाक्यात घालून. क्राउलीच्या आईचं ‘रोवेना’ ऐकायला राणीसारखं, पण आपल्याकडे खांब जमिनीत रोवेना म्हणतात, त्याचं काय? ‘जो’ला हाक मारलीत की घरातले पुढच्या ‘तो’ची वाट बघतील. ‘डीन’ म्हटलं की कॉलेजचे डीन आठवतात, आणि टाइप करताना ‘ड’चा ‘द’ झाला की पोरगं दीन. ‘अमारा’ छान बसतं, ‘अमर’ची बहीण वाटते. लॅटिनमध्ये त्याच अक्षरांचा अर्थ ‘कडू’ होतो, पण तेवढं चालेल. मालिकेतली अमारा देवाची बहीण, म्हणजे घराणंही वरचंच. क्लेअरला काही अडचण नाही. ‘उजळ’ असा अर्थ आणि बोबड्या तोंडालाही झेपतं. ‘कॅस्टिएल’ला चार माणसं चार उच्चार करतात, म्हणून हाक मारायला ‘कॅस’ ठरवूनच ठेवा, नाहीतर ‘कॅस्ट्या’ होणार हे धरून चाला.

नाव द्यायचं कसं, हे खुद्द मालिकेकडूनच शिकता येतं. सॅम-डीनच्या आईने, मेरीने, मुलांची नावं स्वतःच्या आईवडिलांवरून ठेवली. डीना आजीवरून डीन, सॅम्युएल आजोबांवरून सॅम. त्यांचा मित्र गार्थ याने आपल्या जुळ्यांना सॅम आणि कॅस्टिएल म्हटलं, आणि डीनचं तोंड बघण्यासारखं झालं. १९ नोव्हेंबर २०२० च्या शेवटच्या भागात सॅमच्या मुलाच्या कपड्यावर ‘डीन’ भरतकाम केलेलं दिसतं. ३२७ भाग बघितलेल्या माणसाला तेवढी चार अक्षरं पुरतात. ‘बेबी’ हे नाव मात्र आधीच गेलंय, दोघा भावांच्या १९६७ च्या काळ्या शेव्हरोले इम्पाला गाडीला.

घरातल्या मोठ्यांना कथा किती सांगायची तेही आधी ठरवा. ‘बॉबी’ हे मालिकेच्या निर्मात्याच्या नावावरून आलंय, पण तुम्ही म्हणायचं मालिकेतल्या प्रेमळ म्हाताऱ्यावरून ठेवलं. तेही खरंच आहे. मालिकेतल्या अझाझेल सैतानासारखं काही डोक्यात असेल तर मोठ्यांना नको आणि पोरालाही नको.

दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग आणि देवनागरी दोन्ही एकाच बैठकीत ठरवून कागदावर लिहून घ्या, आणि अर्ज भरणाऱ्याच्या हातात तो कागदच द्या. तोंडी सांगितलं की ‘एल’चं ‘यल’ होतं. शेवटी दुसऱ्या बाळाचाही विचार आत्ताच करून ठेवा. पहिल्याला सॅम म्हटलंत की ओळखीतले चाहते दुसऱ्या वेळी डीनच धरून बसतात. मुलगी झाली तर डीना आहेच.